नदीमुखावरची एक सकाळ

भिंतीवर टांगलेल्या चित्रापुढें उभा राहिलेला मनुष्य बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो हा : "हें कशाचें चित्र?" हें रामपंचायतनाचें, हें अमक्या संस्थानिकाचें, हें तमक्या किल्ल्याचें, असें उत्तर मिळालें म्हणजे त्याचें समाधान होतें आणि तो पुढच्या चित्राकडे वळतो. ओळख पटली कीं पाहण्याचें काम झालें, अशी आपली सर्वांची समजूत असते. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं फ्रान्समध्यें एक लहानसें चित्र असें निर्माण झालें कीं, त्याच्यापुढें हा प्रश्न अपुरा पडला. चित्र एका बंदराचें आहे, हें खरें. पण तेवढ्यावर थांबलें तर त्यांतली मुख्य गोष्टच सांगावयाची राहून जाते.

हें चित्र क्लोद मोने या चित्रकाराचें. त्याच्या फ्रेंच नांवाचा अर्थ मराठींत 'सूर्योदय : मनावर उमटलेला ठसा' असा कांहींसा करतां येईल. चित्र आकारानें मोठें नाहीं. दीड फूट उंच आणि दोन फूट रुंद एवढाच तो कापडाचा फलक आहे. पहांटेची वेळ आहे. पाणी आणि आकाश एकाच निळसर करड्या धुक्यांत बुडालीं आहेत आणि त्यांच्या मधली रेघ जवळजवळ पुसून गेली आहे. मागें गलबतांच्या डोलकाठ्या, माल उचलण्याचे यारे आणि धूर सोडणारीं धुराडीं अंधुक दिसतात. समोरच्या पाण्यांत तीन लहान होड्या तिरक्या ओळींत आहेत. जवळची होडी गर्द, तिच्यामागची फिकट, आणि तिसरी आहे कीं नाहीं असा संशय यावा इतकी पुसट. आणि या सर्व करडेपणांत नारिंगी रंगाचा एक लहान वाटोळा सूर्य आहे. त्याचें पाण्यांतलें प्रतिबिंब म्हणजे कुंचल्याचे चारदोन जाड फटकारे. ते जवळून पाहिले तर नुसते रंगाचे ओघळ, चार पावलें मागें सरून पाहिले तर हलणारें पाणी.

हें बंदर म्हणजे ल हाव्र. पॅरिसमधून वाहणारी सेन नदी जेथें समुद्रास मिळते, त्या मुखावर हें शहर वसलें आहे. मोनेचा जन्म १८४० सालीं पॅरिसला झाला, पण त्याचें बालपण गेलें तें याच ल हाव्रमध्यें. तेव्हां हा देखावा त्याला नवा नव्हता. बंदराच्या धक्क्यावरील एका हॉटेलाच्या खिडकींतून त्यानें तो रंगविला. चित्राच्या कोपऱ्यांत सहीशेजारीं ७२ हा आंकडा आहे. अलीकडे खगोलशास्त्रज्ञांनीं सूर्याचें स्थान, भरतीची वेळ, धुराची दिशा आणि त्या काळच्या हवामानाच्या नोंदी यांचा मेळ घालून असें अनुमान काढलें कीं, ही सकाळ बहुधा १३ नोव्हेंबर १८७२ ची असावी आणि वेळ साडेसातच्या सुमाराची असावी. एका चित्राविषयीं इतका बारीक हिशेब मांडावा असें शास्त्रज्ञांना वाटलें, यावरूनच त्या चित्राचा स्वभाव कळतो. त्यांत एक शहर आहे, तशीच एक विशिष्ट वेळहि आहे. आणि ती वेळ गेली कीं तें शहर तसें पुन्हां दिसावयाचें नाहीं.

या बंदराशीं वऱ्हाडचें आणि विशेषतः बुलढाणा जिल्ह्याचें एक दूरचें नातें आहे. ल हाव्र हें फ्रान्समध्यें कापूस उतरविण्याचें मोठें ठिकाण होतें आणि अमेरिकन कापसाबरोबर हिंदुस्थानचा कापूसहि तेथें येई. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस बंद पडला आणि युरोपांतील गिरण्यांनीं आपली दृष्टि हिंदुस्थानाकडे वळविली. खामगांवची पेठ त्यामुळें भरभराटीस आली. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवापर्यंत रेल्वेचा फांटा सुरू झाला. आणि १८७२ मध्यें मोनेनें हें चित्र काढलें. खामगांवच्या बाजारांत गाड्यांची रांग लागावी आणि ल हाव्रच्या धक्क्यावर यारे कुरकुरावेत, हे दोन्ही एकाच व्यापाराचे दोन शेंडे होते. चित्रांतल्या धुक्यांत धुराड्यांचा धूर मिसळला आहे. तो नव्या यंत्रयुगाचा धूर आहे, आणि मोनेनें तो वगळला नाहीं. पूर्वींचा चित्रकार यारे आणि धुराडीं पुसून तेथें एकादें पडकें मंदिर किंवा मेंढपाळ घालता. समोर होतें तें जसें दिसलें तसें घेणें, हा या चित्राचा प्रामाणिकपणा आहे.

आतां हें चित्र अशा रीतीनें काढणें त्याच काळांत कसें शक्य झालें, हें पाहिलें पाहिजे. त्यापूर्वीं चित्रकार रंग घोटून तो डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून ठेवीत. अशी पिशवी एकदां टोंचली कीं रंग वाळूं लागे. ती घेऊन रानोमाळ हिंडणें जिकिरीचें होई. म्हणून बाहेर फार तर टिपण करावयाचें आणि खरें चित्र घरीं, उत्तरेकडच्या खिडकीच्या शांत उजेडांत पुरें करावयाचें, असा परिपाठ होता. १८४१ मध्यें जॉन रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें कथलाच्या पत्र्याची, दाबतां येणारी नळी शोधून काढली. झांकण फिरवावें, हवा तेवढा रंग घ्यावा, झांकण लावावें. त्याच शतकांत रसायनशाळांतून कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा असे तेजस्वी रंग बाजारांत आले. रेल्वेमुळें चित्रकाराला सकाळीं शहर सोडून दुपारच्या आंत नदीकांठ गांठतां येऊं लागला. लहानशा नळीनें चित्रकलेला घराबाहेर काढलें, असें म्हटलें तर तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

दुसरें कारण डोळ्यांच्या शास्त्राचें. शेव्हरल नांवाचे एक रसायनज्ञ पॅरिसच्या सरकारी गालिचे विणण्याच्या कारखान्यांत रंगशाळेचे प्रमुख होते. तेथील काळें सूत फिकें दिसतें अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनीं शोध केला तेव्हां सुतांत दोष आढळला नाहीं. शेजारच्या रंगामुळें तें तसें दिसत होतें. रंग शेजारच्या रंगावर परिणाम करतो, हा सिद्धांत त्यांनीं १८३९ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. आपल्याकडच्या गृहिणींना हें शास्त्र न वाचतांहि ठाऊक असतें. हिरव्या लुगड्याला तांबडा कांठ लावला कीं हिरवा उठून दिसतो आणि तोच हिरवा निळ्या कांठाजवळ मलूल होतो, हें दुकानांत घड्या उलगडतांना त्या क्षणांत ओळखतात. मोनेचा नारिंगी सूर्य तेजस्वी वाटतो, तो याच न्यायानें. निळा आणि नारिंगी हे एकमेकांचे विरोधी रंग. निळसर करड्याच्या शेजारीं बसल्यामुळें तो नारिंगी पेटल्यासारखा होतो.

यांत एक मौज आहे. चित्रांतला सूर्य सभोंवारच्या आकाशापेक्षां उजळ असेल अशी आपली कल्पना होते. प्रत्यक्षांत त्याचा उजळपणा आकाशाइतकाच आहे. चित्राची काळीपांढरी प्रत काढली तर सूर्य जवळजवळ नाहींसा होतो. म्हणजे हें चित्र एकाद्या मासिकांत काळ्या शाईनें छापलें, तर वाचकाला बंदर दिसेल, होड्या दिसतील, पण सूर्योदय दिसणार नाहीं. नुसत्या रंगाच्या भेदावर उभा असलेला हा सूर्य आहे. डोळ्याला तो थरथरत असल्यासारखा वाटतो, याचें कारण नेत्रशास्त्रज्ञ हेंच सांगतात. मोनेनें कांहीं हें गणित मांडलें नव्हतें. धुक्यांतून वर येणारा सूर्य त्यानें टक लावून पाहिला होता, इतकेंच.

१५ एप्रिल १८७४ रोजीं पॅरिसमधील एका छायाचित्रकाराच्या रिकाम्या जागेंत मोने, पिसारो, सिसली, रेन्वार, देगा इत्यादि सुमारें तीस कलावंतांनीं स्वखर्चानें प्रदर्शन भरविलें. सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनीं यांतील कित्येकांचीं चित्रें वारंवार परत पाठविलीं होतीं. लुई लरॉ नांवाच्या टीकाकारानें मोनेच्या चित्राच्या नांवांतील 'ठसा' हा शब्द उचलून सबंध मंडळीची टिंगल केली. भिंतीला चिकटविण्याचा कागदहि याहून अधिक पुरा झालेला असतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. तो टिंगलीचा शब्द पुढें या संप्रदायाचें नांव होऊन बसला. इंग्रजींत त्याला इंप्रेशनिझम म्हणतात आणि मराठींत दृक्प्रत्ययवाद. टीकाकाराचें नांव आज लोकांस आठवतें तें त्या चेष्टेमुळेंच. प्रदर्शनानंतर हें चित्र ८०० फ्रँकांस विकलें गेलें. चार वर्षांनीं धन्याचें दिवाळें निघालें तेव्हां त्याला २१० फ्रँक आले.

ज्या शहराचें हें चित्र, त्या शहराचें पुढें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ च्या सप्टेंबरांत, ल हाव्रवर भयंकर बाँबवर्षाव झाला. शहराचा मध्यभाग आणि बंदर यांचा विध्वंस झाला. ज्या धक्क्यावर मोनेचें हॉटेल होतें तो भागहि त्यांतच गेला. नवें शहर नंतर सिमेंटकाँक्रीटमध्यें उभें राहिलें. चित्र मात्र १९४० मध्येंच पॅरिसच्या मार्मोतान संग्रहालयास भेट मिळालें होतें. १९८५ मध्यें तें तेथून चोरीस गेलें आणि १९९० मध्यें कॉर्सिका बेटावर सांपडलें. दगडाचे धक्के आणि लोखंडाचे यारे गेले. कापडाच्या तुकड्यावरचें धुकें उरलें. चित्रकारानें जें घाईनें, एका सकाळींत टिपलें, तेंच त्या बंदराचें सर्वांत टिकाऊ स्मारक ठरलें.

हें सर्व परदेशाचें झालें. महाराष्ट्रांत अशी दृष्टि कोणाला लाभली होती काय? लाभली होती, आणि तीहि एका नदीकांठच्याच शहरांत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १८८० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिकले. तेथील शिक्षण पक्क्या रेखाटनाचें, पुतळ्यावरून आणि माणसावरून हुबेहूब आकार उतरविण्याचें. त्यांत आबालाल निष्णात झाले. पुढें ते कोल्हापुरास परतले. शाहू छत्रपतींनीं त्यांना दरबारचा आश्रय दिला. मुंबईंत राहून श्रीमंतांच्या तसबिरी काढण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, पण त्यांनीं आयुष्य काढलें तें कोल्हापुरांत, फकिरी वृत्तीनें. पंचगंगेचा घाट, रंकाळा तलाव, त्याच्या पाण्यांत उभा असलेला दगडी संध्यामठ, कोटितीर्थाचा परिसर, हींच ठिकाणें त्यांनीं पुन्हां पुन्हां रंगविलीं.

एकच ठिकाण पुन्हां पुन्हां कां? बाहेरून पाहणाऱ्यास हा कल्पनेचा दुष्काळ वाटेल. मोनेनेंहि १८९९ ते १९०१ या काळांत लंडनला जाऊन टेम्स नदीवरचे तेच दोन पूल आणि तीच पार्लमेंटची इमारत कितीतरी वेळां रंगविली, आणि १९०४ मध्यें त्यांतील ३७ चित्रें पॅरिसला मांडलीं. इमारत तीच, धुकें दर वेळीं निराळें. आबालाल यांच्या रंकाळ्याचेंहि तसेंच आहे. कोंवळें ऊन, भरदुपार, पावसाळी आभाळ, तिन्हीसांजा. संध्यामठाचे दगड तेच, पण कधीं ते जांभळे, कधीं राखी, कधीं ताम्रवर्ण. बाह्यरेषा विरघळलेल्या, रंगाचे लहान लहान ठिपके शेजारीं शेजारीं ठेवलेले, आणि दुरून पाहिलें कीं ओली हवा अंगास लागल्याचा भास. पॅरिसच्या मंडळींचा शिष्य होऊन त्यांनीं ही रीति घेतली नाहीं. पाण्याच्या कांठीं वर्षानुवर्षें बसून त्यांची नजरच तेथपर्यंत पोंचली. दख्खनच्या काळ्या दगडावरचें ऊन फ्रान्सच्या उन्हासारखें नसतें, आणि त्यांचीं चित्रें फ्रान्सचीं वाटतहि नाहींत.

६ मे १९२२ रोजीं शाहू महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालाल यांनीं आपलीं असंख्य चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडून दिलीं, असें कोल्हापुरांत सांगतात. १९३१ मध्यें तेहि गेले. ज्या पाण्याचीं चित्रें काढलीं त्याच्याच स्वाधीन तीं करावीं, यांत एका कलावंताचें वैराग्य दिसेल. पण मागें राहिलेल्यांची हानि त्यामुळें कमी होत नाहीं. जीं थोडीं उरलीं त्यांवरून कोल्हापूरच्या पुढच्या दोन पिढ्या निसर्गचित्रण शिकल्या. बुडालेल्यांत त्या जुन्या शहराच्या किती सकाळी आणि किती संध्याकाळी होत्या, त्यांचा हिशेब कोणत्याहि खगोलशास्त्रज्ञाला मांडतां यावयाचा नाहीं.

कोल्हापुराला निदान एक आबालाल मिळाले. बुलढाणा जिल्ह्यांत पाण्याची उणीव पुष्कळ, पण नद्यांची गोष्ट मोठी नवलाची आहे. अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जिल्ह्याच्या अंगावरून गेली आहे. तिच्या उत्तरेस पडलेला पाऊस नळगंगा, विश्वगंगा यांतून पूर्णेंत, पूर्णेंतून तापींत आणि तेथून पश्चिम समुद्रांत जातो. दक्षिणेस पडलेला पाऊस पैनगंगेंतून वर्धेंत, पुढें प्राणहितेंतून गोदावरींत आणि शेवटीं पूर्वसमुद्रांत पोंचतो. एकाच ढगाचे दोन थेंब, एक सुरतेकडे आणि एक राजमहेंद्रीकडे! पैनगंगेच्या कांठीं मेहकर हें जुनें गांव आहे. शार्ङ्गधर बालाजीच्या मंदिरामुळें आणि कंचनीच्या महालाच्या अवशेषांमुळें त्याचें नांव लोकांच्या तोंडीं आहे. यात्रेकरू तेथें जातो, मूर्तीचें दर्शन घेतो. इतिहासाचा अभ्यासक जातो, महालाच्या कमानी मोजतो. दोघांचेंहि योग्यच आहे. पण नदीवर ऊन कसें पडलें होतें, हें परतल्यावर दोघांपैकीं एकालाहि सांगतां येत नाहीं.

आपल्याकडे धुकें थोडें, म्हणून असें चित्र येथें होणार नाहीं, असा आक्षेप कोणी घेईल. धुकें ही त्या देशाची हवा. आपली हवा आपली आहे. चैत्रांत दुपारीं पात्रांतली वाळू पांढरी होऊन थरथरते आणि पलीकडचा कांठ हलल्यासारखा दिसतो. मृगाचा पहिला पाऊस झाला कीं करडा दगड काळाभोर होतो आणि पाणी गढूळ तांबूस होऊन येतें. कार्तिकांत आकाश धुतल्यासारखें असतें. कापसाच्या दिवसांत खामगांव-मलकापुराकडच्या रस्त्यांवर गाड्यांची धूळ उठते, तिच्यांत चुलींचा धूर मिसळतो आणि मावळतीच्या उन्हांत तो सारा पडदा सोन्यासारखा होतो. ल हाव्रच्या धुक्यापेक्षां हा देखावा कोणत्या अर्थानें कमी आहे?

पाहण्याची संवय करण्यास पॅरिस नको आणि कोल्हापूरहि नको. घरच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा वाळत घातलेल्या धोतरावर सायंकाळीं पडलेली सावली पाहावी. ती काळी असते असें आपण गृहीत धरतो. नीट पाहिलें तर ती निळसर जांभळी निघते. सूर्याचें पिवळें ऊन जेथें पोंचत नाहीं, तेथें आकाशाचा निळा उजेड पोंचत असतो, म्हणून. हें एकदां दिसलें कीं मोनेचीं आणि आबालाल यांचीं चित्रें परकीं वाटत नाहींत. मग चित्रापुढें उभें राहून "हें कशाचें?" या प्रश्नाबरोबर "हें केव्हांचें?" असाहि प्रश्न मनांत येतो.

नद्यांची स्थिति मात्र थांबून राहिलेली नाहीं. पैनगंगेवर आणि नळगंगेवर धरणें झालीं, पाण्याची चाल बदलली, कांठावरचीं झाडें आणि घरें बदलत आहेत. हें होणारच, शेताला पाणी हवें आणि माणसाला रस्ता हवा. छायाचित्रें आज मुबलक निघतात, हेंहि खरें. पण छायाचित्र निमिषांत निघतें आणि तें काढणारा पुढें चालूं लागतो. चित्र काढणाऱ्याला तासभर एका ठिकाणीं बसावें लागतें, आणि त्या तासांत तें ठिकाण त्याचें होतें. शाळांतून चित्रकलेच्या तासाला मुलांना छापील देखावा समोर ठेवून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोंपडी काढावयास लावण्याची रूढि आहे. मेहकरचा मुलगा काय आणि मालवणचा मुलगा काय, दोघांच्याहि वहींत तोच सूर्य उगवतो. त्याऐवजीं एका सकाळीं शिक्षकानें चार मुलांना रंगपेटी देऊन गांवच्या नदीवर न्यावें आणि समोर दिसेल तेंच काढावयास सांगावें. सूर्य नारिंगी दिसला तर नारिंगी, पांढरा दिसला तर पांढरा. पाणी आटलेलें असेल तर आटलेलें पात्र काढावें. चित्राच्या कोपऱ्यांत नांवाबरोबर दिवस आणि वेळ लिहावी. त्यांतून मोने निघेल कीं नाहीं, याची चिंता करण्याचें कारण नाहीं. पन्नास वर्षांनीं त्या वह्या कोणी उघडील, तेव्हां त्या गांवची एक सकाळ तरी त्याच्या हातीं लागेल.